थंडीला नावं ठेवणाऱ्यांसाठी

नोव्हेंबर लागला की ओटावातल्या आपल्या मराठी मंडळींचं रडगाणं सुरू! "काय मेली ही थंडी!" "साडेचारलाच अंधार!" नाताळच्या सुट्टीत पडदे ओढून मालिका बघायच्या आणि पुण्याला फोन करून उणे वीसचे आकडे ऐकवायचे. वर "तुमची बाई मजा आहे!" हे आहेच.

अहो, इथे थंडी चार-पाच महिने असते. एवढे महिने दरवर्षी आयुष्यातून वजा करायचे? दहा वर्षांतली जवळजवळ चार वर्षं गेली की!

त्यापेक्षा एकावर एक कपडे चढवा, लोकरीचे मोजे घाला आणि रिडो कालव्यावर चला. गोठलेल्या पाण्यावर ७.८ किलोमीटर स्केटिंग, तेही फुकट. पडलात तर पडा, शेजारी पाच वर्षांचं पोरही पडतच असतं. मग दालचिनी-साखर लावलेलं गरमागरम बीव्हरटेल खा. संक्रांतीचा तिळगूळही तिथेच वाटा, थर्मासमधल्या चहाबरोबर. तीळ आणि गूळ थंडीसाठीच असतात ना?

आणि "पुढच्या वर्षी बघू" म्हणणाऱ्यांनो, १९७०-७१ पासून दर हिवाळ्यात इथे स्केटिंग व्हायचं. २०२२-२३ मध्ये ते सुरूच झालं नाही, बर्फ पुरेसा जाड झालाच नाही म्हणून. तुम्ही जिला शिव्या घालता ती थंडीच आता भरवशाची उरलेली नाही. उद्या मुलांना काय सांगणार... बर्फ होता, पण आम्ही पडदे ओढून बसलो होतो?

असो. स्केट्स भाड्याने मिळतात.