धूर मुंबईला, शुद्ध पेट्रोल आधी दिल्लीला!

कामगार बंधूंनो, गिरणीच्या धुराड्याखाली हयात घालवलेल्यांना माहुलच्या हवेची कथा काय सांगावी! रिफायनऱ्या इथं, मुंबईच्या उशाशी. पण दहा लाख भागांत जास्तीत जास्त दहा भाग गंधक असलेलं भारत स्टेज सहाचं पेट्रोल दिल्लीला मिळालं १ एप्रिल २०१८ ला. मुंबईला १ एप्रिल २०२० ला! दोन वर्षं आम्ही काय गंधक हुंगत बसायचं होतं?

पेट्रोलचा दर्जा केंद्र ठरवतं, रिफायनरीची पर्यावरण-मंजुरीही केंद्राचीच. कबूल. पण हवा कायद्याखालची संमती तर महाराष्ट्राचंच प्रदूषण मंडळ देतं ना? माहुलच्या वसाहतीतल्या लोकांना हलवा, नाहीतर महिना १५ हजार भाडं द्या, हे २०१९ मध्ये राज्य सरकारला हायकोर्टानं सांगावं लागलं! त्या संमतीच्या अटी मराठीत छापून रिफायनरीच्या फाटकावर लावा, अशी आमची मागणी आहे.