पाणवठ्याइतकीच सावलीही हवी

उन्हाळा आला की जंगलातील पाणवठ्यांत टँकरने पाणी सोडल्याची छायाचित्रे वर्तमानपत्रांत येऊ लागतात. काम चांगलेच आहे. परंतु आपल्या पूर्व विदर्भात, चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे, मे महिन्यात पारा 45 अंशांच्या पुढे जातो, तेव्हा वन्यप्राण्याचा दिवस केवळ पाण्यावर निभत नाही. त्याला सावली लागते, आणि तिची दखल आपण फारशी घेत नाही, असे माझे मत आहे.

आपल्या जंगलांत सागाचे प्रमाण मोठे. ऐन उन्हाळ्यात साग निष्पर्ण असतो. मग उरते ती नाल्याकाठची जांभूळ, उंबर, करंज, अर्जुन यांची हिरवी पट्टी. सांबर दुपारी तिचाच आसरा घेते. वाघाला आपल्यासारखा सर्वांगाला घाम येत नाही. तो धापा टाकतो आणि डोहात शिरतो, तेही पुष्कळदा पाठमोरा, आधी मागचे अंग भिजवीत. अस्वल कपारीत पडून राहते व दिवस कलल्यावर बाहेर पडते. साळिंदराने तर जमिनीखालीच घर केलेले. तेथवर दुपारची धग पोचत नाही. त्याने सोडलेल्या बिळांत इतरही प्राणी राहतात. फळे खाणाऱ्या मोठ्या वटवाघळांना मात्र ना बीळ, ना कपार. ती झाडावर उघडीच लटकतात, पंखांनी वारा घेतात, अंग चाटून ओले करतात. जानेवारी 2014 मध्ये ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड राज्यात उष्णतेच्या एकाच लाटेत त्यांचे 45 हजारांहून अधिक जातभाई मेले. गावातला जुना वड तोडताना हे आठवावे.

नाला खोलीकरणात यंत्र उतरविण्यासाठी प्रथम काठची झाडे जातात. पाणी साठते, सावली जाते. मोहफुले वेचणे सोयीचे व्हावे म्हणून झाडाखालचा पालापाचोळा पेटविला जातो आणि आग कधी कधी नाल्यापर्यंत पोचते. यात गरीब माणसालाच दोषी धरणे मला मान्य नाही. ती त्याची वर्षाची मिळकत आहे. पण तेंदूपत्ता तोडून थकलेल्या त्याच माणसाला, आणि त्यांत आपल्या शाळेचे पालकही आले, दम खायला नाल्याचीच सावली गाठावी लागते. ही पट्टी जितकी अरुंद, तितके माणूस आणि वाघ एकमेकांच्या जवळ. हल्ले केवळ वाघांची संख्या वाढल्याने होतात, ही समजूत म्हणूनच मला अपुरी वाटते.

ग्रामसभेत खोलीकरणाचा ठराव येईल, तेव्हा निदान एका काठची झाडे राखण्याची अट त्यात घालून घ्यावी. यंत्राला दुसऱ्या काठावरून काम करता येते.