पदवीचे नाव नव्हे, पायरी ओळखा!

कोलंबिया आणि लंडन येथे शिकलेल्या बाबासाहेबांनी १९२० च्या दशकाच्या आरंभी जर्मनीतील बॉन विद्यापीठातही नाव नोंदवले होते. आज शंभर वर्षांनी आमच्या वस्त्यांतील पहिल्या पिढीची मुले-मुली पुन्हा जर्मनीचा रस्ता विचारीत आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु तेथील पदव्यांच्या पायऱ्या न ओळखता, आईचे दागिने मोडून निघणे म्हणजे आपले भवितव्य दलालाच्या हाती देणे होय.

१९९९ च्या बोलोन्या जाहीरनाम्यावर सही केल्यानंतर जर्मनीने हळूहळू बॅचलर, मास्टर, डॉक्टरेट ही रचना स्वीकारली. बॅचलर तीन ते चार वर्षांची, किमान १८० क्रेडिटची. मास्टर एक ते दोन वर्षांची. दोन्ही मिळून साधारण ३०० क्रेडिट होतात. त्यापुढे डॉक्टरेट. त्या देशाच्या पात्रता आराखड्यात या तिघांच्या पातळ्या अनुक्रमे ६, ७ आणि ८ आहेत.

फसगत होते ती नावांमुळे. विद्यापीठाची जुनी 'डिप्लोम' म्हणजे आपल्याकडील पॉलिटेक्निकचा डिप्लोमा नव्हे. ती मास्टरच्या तोडीची पदवी. वैद्यक आणि कायद्यासाठी बॅचलर-मास्टर नाही, राज्य परीक्षा आहे. तेथे रुग्ण तपासणाऱ्याच्या नावामागे 'डॉक्टर' असेलच असे नाही. ती उपाधी वेगळा प्रबंध लिहून मिळवावी लागते.

'फाखहोखशुले' या उपयोजित शिक्षणाच्या संस्था. त्यांची मास्टर पदवी विद्यापीठाच्या बरोबरीची आहे. मात्र शिष्यवृत्तीला जागतिक क्रमवारीची अट असेल, तर या संस्था त्या यादीत सहसा सापडत नाहीत. अर्जापूर्वीच हे पाहिले पाहिजे. फीचेही तसेच. सरकारी विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी शिकवणी फी नाही. पण बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्य २०१७ पासून युरोपीय संघाबाहेरील विद्यार्थ्यांकडून सत्राला १,५०० युरो घेते. खासगी संस्था आणि नोकरदारांसाठीचे मास्टर अभ्यासक्रम तर फी घेतातच. 'जर्मनीत शिक्षण फुकट' असे सांगणारा दलाल यातले काय सांगतो?

आणखी एक शब्द 'मायस्टर'. हा मास्टर नव्हे. सुतारकाम, गवंडीकाम, जोडे बनवणे अशा हुन्नरात परीक्षा देऊन झालेला हा उस्ताद. विद्यापीठाची पदवी त्याच्याकडे नसते, तरीही आराखड्यात तो बॅचलरच्या शेजारी, सहाव्या पातळीवर बसतो. ज्या देशात जोडे शिवणाऱ्या हातांना विटाळ ठरविले गेले, त्या देशातील वाचकांनी या एका ओळीवर थांबून विचार करावा.

आमचे म्हणणे इतकेच : समाजकल्याण खात्याने शिष्यवृत्तीच्या जाहिरातीबरोबर ही माहिती मराठीत छापावी. जे तेथे शिकून आले, त्यांनी एखादा रविवार विहारात येऊन पोरांना समजावून सांगावे. ज्यांच्या घरात आधी कोणी परदेशी गेलेले नाही, त्यांना ही माहिती दुसरे कोण देणार? मुलांनीही प्रवेशपत्र हाती पडताच तीन प्रश्न विचारावेत : पातळी कोणती? संस्था सरकारमान्य आहे काय? पुढच्या पायरीचे दार यातून उघडते काय? उत्तर मिळाल्याशिवाय एक रुपयाही देऊ नये.