वारसाकर आणि एका घराचा धनी

संपत्तीवर सरकारनें कर घ्यावा कीं नाहीं, हा वाद जुना आहे. पण तो मरणाच्या निमित्तानें घ्यावा काय, असा प्रश्न निघाला म्हणजे शांत माणसाचेंही मन उसळतें. घरांत सुतक आहे, तेरावा व्हावयाचा आहे, आणि सरकारी कारकून दारांत मोजदाद करीत उभा आहे, असें चित्र डोळ्यांपुढें येतें. २०२४ सालच्या लोकसभा निवडणुकीच्या धामधुमींत हा प्रश्न पुन्हा निघाला, तेव्हां त्याची चर्चा विचारापेक्षां आवेशानेंच अधिक झाली. आपल्यासारख्या मध्यम स्थितींतील कुटुंबांनीं तरी तो थंड डोक्यानें पाहावयास हवा.

हा कर आपणांस अगदींच अपरिचित नाहीं. मराठेशाहींत वतनाच्या वारसास सरकारांत नजर भरावी लागे. स्वातंत्र्यानंतर चिंतामणराव देशमुख अर्थमंत्री असतां ‘इस्टेट ड्यूटी’चा कायदा झाला व १५ ऑक्टोबर १९५३ पासून तो अमलांत आला. मिताक्षरा कुटुंबांतील हिश्शास ५० हजारांपर्यंत आणि इतरांस एक लाखापर्यंत माफी ठेविली होती. मिताक्षरेप्रमाणें मुलाचा हक्क जन्मतःच उत्पन्न होतो. मग बापाच्या मृत्यूनें त्यास नवें तें काय मिळालें? कायद्यानें तोड अशी काढली कीं, मृत्यूच्या वेळीं वांटणी झाली असती तर बापाच्या वांट्यास जें आलें असतें, तेवढ्यावर कर बसावा. पुढें दर चढत गेले. २० लाखांवरील भागावर तर ते शेंकडा ८५ पर्यंत पोंचले. इतकें करून पदरांत काय पडलें? अर्थमंत्री विश्वनाथ प्रताप सिंह यांनीं १९८५ सालीं लोकसभेंत सांगितलें कीं, या करापासून सुमारें २० कोटी रुपयेच येतात व वसुलीचा खर्च त्या मानानें फार आहे. शिवाय एकाच मालमत्तेवर संपत्तिकर आणि हा कर, असा दुहेरी जाच होतो. १६ मार्च १९८५ पासून हा कर उठला.

तत्त्वाच्या दृष्टीनें दोन्ही बाजूंस बळ आहे. जो राबून मिळवितो तो आयकर भरतो, आणि ज्यास केवळ जन्माच्या योगानें कोट्यवधि मिळतात त्यास कांहींच भरावें लागत नाहीं, हें न्यायाचें कसें? उलट पक्षीं, जें धन बापानें कर देऊन, पोटास चिमटा घेऊन सांठविलें, त्यावर पुन्हा हात कां? हा वाद नुसत्या तर्कानें मिटावयाचा नाहीं. कर कोणाच्या दारांत जाऊन उभा राहतो, हें पाहिलें पाहिजे.

त्यासाठीं विरारच्या पूर्वेकडील मनवेलपाड्याचें उदाहरण घेऊं. मुंबईंत जागा परवडेना म्हणून हजारों कुटुंबें लोकलच्या टोंकाशीं, विरारास, येऊन राहिलीं. समजा, त्यांतील एका कारकुनानें प्रॉव्हिडंट फंड मोडून व कर्ज काढून मनवेलपाड्यास दोन खोल्यांचा ब्लॉक घेतला. आज त्याची किंमत कितीतरी पटींनीं वाढली आहे. पण ही किंमत कागदावरची. तिच्यांतून दूधवाल्याचें बिल भागत नाहीं, कीं औषधाची बाटली येत नाहीं. तो गृहस्थ वारला. मागें पत्नी, तेथेंच राहणारा मुलगा व पुण्यास दिलेली मुलगी. वाढलेल्या भावानें या ब्लॉकवर कर बसला, तर तो भरण्यास राहतें घरच विकावें लागेल.

जुन्या कायद्यांत पुढें राहत्या घरास सूट होती. पण तिची तऱ्हा पाहा. घर दहा हजारांहून अधिक वस्तीच्या ठिकाणीं असेल तर एक लाखापर्यंतच माफी, त्याहून लहान गांवीं असेल तर पूर्ण माफी. म्हणजे गांव वाढून शहर झालें कीं त्याच भिंतींची माफी आटली! वसई-विरारची तर २००९ सालीं महानगरपालिकाच झाली. घर तेंच, माणसें तींच. बदलला तो गांवाचा दर्जा आणि जागेचा भाव.

म्हणून वारसाकर मुळांतच अन्याय्य आहे असें मात्र मला वाटत नाहीं. ज्याच्या पाठीमागें इमारतींची रांग व भाड्याची आवक आहे, त्याच्या वारसानें कांहीं वांटा समाजास द्यावा, यांत अधर्म नाहीं. आणि अशा धनिकानें विधवेच्या दोन खोल्यांची ढाल पुढें करून स्वतःची सुटका करून घ्यावी, हें तर मुळींच शोभत नाहीं. अन्याय आहे तो माफीची मर्यादा एकदां ठरवून विसरून जाण्यांत. ब्रिटनमध्यें ३ लाख २५ हजार पौंडांवर शेंकडा ४० कर आहे. ती मूळ मर्यादा २००९ पासून हललेली नाहीं, घरांचे भाव मात्र थांबलेले नाहींत. तेथेंही पत्नीस वा पतीस मिळालेल्या वारशावर सामान्यतः कर नाहीं, ही गोष्ट घेण्यासारखी आहे.

आपल्याकडे आज वारशानें आलेलें घर विकलें, तर नफा वारसा मिळाल्या दिवसापासून मोजीत नाहींत. मूळ मालकाची खरेदी धरून, आणि ती १ एप्रिल २००१ पूर्वींची असल्यास त्या दिवसाची रास्त किंमत धरतां येऊन, तो मोजला जातो. म्हणजे वाढलेल्या भावावर सरकारचा हक्क बुडत नाहीं. तो फक्त हातांत रोकड येईपर्यंत थांबतो. माझ्या मतें हीच रीत न्यायाची. उद्यां वारसाकर पुन्हा आलाच, तर सामान्य कुटुंबांनीं तीन गोष्टी मागाव्या: माफीची मर्यादा महागाईबरोबर चढावी, पति-पत्नींस एकमेकांच्या वारशावर कर नसावा, आणि राहत्या घरावरील कर, घर विकेपर्यंत तहकूब असावा.

तोंवर, कर नाहीं म्हणून निश्चिंत राहणेंही बरें नव्हे. सोसायटीच्या दप्तरांत नॉमिनी म्हणून नांव लागलें म्हणजे मालकी मिळाली, असें नव्हे. मृत्युपत्रास मुद्रांक लागत नाहीं. दोन साक्षीदार पुरतात. तेवढें लिहून न ठेविल्यामुळें भावाबहिणींत जो तंटा होतो व जो पैसा कोर्टकचेरींत जातो, तो कोणत्याही सरकारनें बसविलेला कर नसतो. तो आपणच आपल्या मुलांवर बसवितों, आणि त्यांत माफीची मर्यादा नसते.