मराठी कानावर पडणार कुठून?

सीमाभागात मराठीचे भांडण म्हटले की आपल्याला पाट्या आठवतात. दुकानाची पाटी, बसची पाटी, नाहीतर उताऱ्याचा कागद. ते भांडण खरे आहे आणि चालूच राहिले पाहिजे. पण ज्या एका पेटीने बेळगाव, खानापूर, निपाणीच्या घरांत वर्षानुवर्षे दिवसभर मराठी बोलून दाखवली, ती आपल्या देखत गप्प होत चालली आहे. त्याबद्दल आपल्या एखाद्या सभेत ठराव झाल्याचे मला तरी आठवत नाही. मी रेडिओबद्दल बोलतो आहे, आणि त्यातही गाण्यांबद्दल नाही. गाणी कुठेही मिळतात. मला म्हणायचे आहे ते रेडिओवरच्या बोलण्याबद्दल.

1956 च्या राज्य पुनर्रचनेत आपण म्हैसूर राज्यात गेलो. जवळचे धारवाड केंद्र 1950 पासूनचे, ते कन्नडचे, आणि त्याबद्दल तक्रार असण्याचे कारण नाही. 1963 मध्ये सांगली केंद्र सुरू झाले. मध्यम लहरींना कोणता तपासणी नाका अडवत नाही, त्यामुळे सांगलीचे मराठी आपल्या माजघरात येऊन बसले. सकाळी 7 वाजून 5 मिनिटांनी पुण्याच्या प्रादेशिक बातम्या. सुधा नरवणे यांचा आवाज आपल्याकडच्या म्हाताऱ्यांना अजून आठवतो. मग बाजारभाव आणि हवामान. दुपारी बायकांच्या कार्यक्रमात डॉक्टरांची मुलाखत. संध्याकाळी शेतकऱ्यांसाठी उसाच्या लागणीची माहिती. रात्री एखादे भाषण, श्रुतिका नाहीतर कीर्तन. पुणे केंद्राच्या ग्रामीण विभागात तर व्यंकटेश माडगूळकरांसारखा लेखक नोकरीला होता. शेतकऱ्याशी बोलायलाही लेखक लागतो, असे मानणारे ते खाते होते.

यातून आपल्याला काय मिळाले ते मला बँकेच्या काउंटरवर रोज दिसते. आपल्याच घरांतली, आईशी मराठीत बोलणारी पोरे येतात. ‘एकोणसत्तर हजार’ म्हटले की क्षणभर थांबतात आणि विचारतात, ‘म्हणजे सिक्स्टी नाइन ना काका?’ त्यांना हसू नका. 2019 मध्ये खुद्द महाराष्ट्रात, दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’च्या जोडीला ‘वीस एक’ आलेच होते. मुद्दा असा की घरात जेवण, रागावणे आणि पाहुणे एवढ्यापुरतीच मराठी लागते. ‘आवक घटली’, ‘तुरळक ठिकाणी पाऊस’, ‘विधेयक संमत झाले’ असे कुणी स्वयंपाकघरात बोलत नाही. शाळा कन्नड नाहीतर इंग्रजी माध्यमाची असेल, तर हे शब्द मुलाच्या कानावर पडणार कुठून? आमच्या पिढीच्या कानावर ते फुकट पडले. अभ्यासाला बसलेल्या पोराला क्विंटलचा दर ऐकायचा नव्हता, तरी तो ऐकू येत होता.

आता कुणी म्हणेल, मोबाइलवर सगळे मिळते. मिळते. आकाशवाणीचे ‘न्यूजऑनएअर’ अ‍ॅप आहे, त्यावर मराठी केंद्रेही आहेत. पण तिथे जाऊन शोधावे लागते, आणि शोधतो तो ज्याला आधीच गोडी आहे. कीर्तनाची वाट बघणाऱ्या आजीला वाटेत द्राक्षावरची फवारणी समजायची, तसे अ‍ॅपवर होत नाही.

खासगी एफएमची तर गोष्टच सोडा. 2001 पासून ती वाहिन्या आल्या, पण स्वतःच्या बातम्या देण्याची त्यांना परवानगीच नाही. फार तर आकाशवाणीचे बातमीपत्र जसेच्या तसे लावता येते. उरले काय? गाणी, जाहिराती आणि दोन गाण्यांमधली बडबड.

आणि आकाशवाणी? गेल्या काही वर्षांत देशभर मध्यम लहरींचे प्रक्षेपक एकामागून एक बंद होत आले. जुनी यंत्रे, विजेचा खर्च, ही कारणे खोटी नाहीत. पण त्यांच्या जागी येणारे एफएम थोड्याच अंतरापुरते असते. सांगलीचे एफएम खानापूरच्या जंगलपट्टीत पोचायचे नाही. राज्याच्या हद्दीत हा निव्वळ तांत्रिक बदल दिसेल, आपल्यासाठी ती हद्दपारी आहे. प्रसार भारतीच्या 1990 च्या कायद्यात देशाच्या निरनिराळ्या प्रदेशांतील भाषांना व संस्कृतींना पुरेसे स्थान देण्याचे कर्तव्य लिहिलेले आहे. त्याची आठवण करून देणे आपलेच काम. जून 2023 मध्ये पुण्याचा वृत्तविभाग बंद करण्याचा निर्णय झाला, तेव्हा ओरड झाली आणि निर्णयाला स्थगिती मिळाली. सीमाभागातून त्यावेळी किती पत्रे गेली, हे ज्याचे त्याने आठवावे.

पण सगळे दिल्लीवर ढकलून मोकळे होऊ नका. कडोली, उचगाव, येळ्ळूर, सांबरा इथे दरवर्षी साहित्य संमेलने होतात. मांडव भरतो, चांगले वक्ते येतात, आणि दुसऱ्या दिवशी मांडवाबरोबर ते बोलणेही उतरवले जाते. उरलेले 364 दिवस काय? 2006 च्या धोरणाने सामाजिक संस्थांनाही सामुदायिक रेडिओचा मार्ग खुला केला आहे. 100 वॉटचे छोटे केंद्र, निम्मे कार्यक्रम स्थानिक लोकांच्या सहभागाने केलेले, आणि भाषा शक्यतो स्थानिक. राजकीय पक्षांना व त्यांच्याशी संलग्न संस्थांना हा परवाना मिळत नाही. म्हणजे अर्ज आपल्या संघटनेने करून भागणार नाही, तो एखाद्या शिक्षणसंस्थेने नाहीतर वाचनालयाने करायला हवा. बेळगावात जुन्या मराठी संस्थांची वाण नाही. त्यांच्या इमारतींवर मजले चढले, तसा एक खोलीभर स्टुडिओही बसेल.

येत्या वार्षिक सभेत दोन ठराव मांडावेत, अशी माझी मागणी आहे. एक प्रसार भारतीला, सांगली केंद्राचे प्रसारण सीमाभागात स्पष्ट ऐकू येईल अशी सोय ठेवण्यासाठी. दुसरा आपल्याच संस्थाचालकांना, सामुदायिक रेडिओच्या अर्जासाठी. केंद्र निघाले तर रोज बोलायला माणसे लागतील. बाजारभाव वाचायला मी येतो, साडेपाचनंतर मोकळा असतो.