क्लास ए, बी, सी आता पुरे

मुलाखतीला आलेल्या डिप्लोमाच्या पोरांना मी विचारतो, १०.०.०.५ या पत्त्याचं नेटवर्क कुठपर्यंत? बहुतेक जण छातीठोकपणे सांगतात, ‘सर, क्लास ए. म्हणजे पहिला आकडा.’ चूक. सोबत मास्क नसेल तर हे सांगताच येत नाही. ‘मास्क काय दिलाय, सर?’ असं उलट विचारणारा पोरगा मी त्याच दिवशी कामावर घेतो.

तालुक्याच्या गावात मी केबल इंटरनेट चालवतो, त्यामुळे कॉलेजात काय शिकवतात ते मला थेट पगारपत्रकावर दिसतं. क्लासची पद्धत जुनी. पाचशे संगणकांच्या कंपनीला क्लास सीचे २५६ पत्ते पुरेनात, म्हणून क्लास बीचे ६५,५३६ द्यायचे. बाकीचे वाया! १९९३ मध्ये ही उधळपट्टी मोडीत निघाली आणि स्लॅशचा हिशोब आला. स्लॅश २६ हा मास्क म्हणजे पत्त्याच्या ३२ पैकी २६ बिट नेटवर्कचे. उरले सहा, म्हणजे ६४ पत्ते. पहिला नेटवर्कचा, शेवटचा ब्रॉडकास्टचा, ६२ उपकरणं बसतात. सातवीतली मुलगी कागदावर करेल असलं हे गणित. आपण मात्र अजून कोष्टकं घोकून घेतो, आणि प्रॅक्टिकल म्हणजे जर्नलमध्ये प्रिंट चिकटवून सही.

याचा भुर्दंड ग्राहकाला. एका दुकानदारांचा कॅमेऱ्यांचा जुना डीव्हीआर बाहेरगावाहून मोबाइलवर दिसेना. आमचा पोरगा गेला, पोर्ट फॉरवर्ड केला, जमेना. मग म्हणाला, ‘काका, राउटर बदला.’ राउटरच्या वॅनच्या रकान्यात १००.७२ने सुरू होणारा पत्ता त्याच्या डोळ्यांसमोर होता. १००.६४ ते १००.१२७ ही पट्टी २०१२ पासून आमच्यासारख्या सेवादारांसाठी राखीव आहे. एक सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटायचा तो तिच्या आधारे. बाहेरून आलेली मागणी त्या राउटरपर्यंत पोचतच नाही, मग तो बदलून काय होणार? त्यांना स्टॅटिक आयपी हवा होता. (तो आम्ही महागच विकतो, हे कबूल.)

ही वाटणी करावी लागते, कारण ३२ बिटांत पत्ते बसतात जेमतेम ४२९ कोटी. जागतिक साठ्यातले शेवटचे गठ्ठे फेब्रुवारी २०११ मध्येच वाटून संपले. त्यावरचा उपाय, १२८ बिटांचा आयपीव्ही६, अभ्यासक्रमात शेवटच्या युनिटात, म्हणजे ‘ऑप्शनला टाका’. जिओ २०१६ मध्ये आलं ते आयपीव्ही६ घेऊनच. बाकावरच्या पोराच्या मोबाइलमध्ये कोलनवाला पत्ता आहे आणि फळ्यावर क्लास बी!

प्राध्यापक म्हणतात, अभ्यासक्रम वरून येतो. मान्य. पण क्लासचा इतिहास पाच मिनिटांत उरकून उरलेला तास मास्कला द्यायला कुणी अडवलंय? उपकरणं नाहीत म्हणत असाल तर माझ्या गोडाऊनमध्ये ग्राहकांकडून परत आलेले चालू राउटर पडून आहेत. रिक्षा पाठवा, घेऊन जा.