जॅझची घोकंपट्टी

आमच्याकडील काही सुशिक्षित घरांत अलीकडे जॅझ शिकण्याची हौस दिसू लागली आहे, आणि तिच्याविषयी आमची मुळीच तक्रार नाही. मुलाच्या हाती सॅक्सोफोन द्यावा, किंवा चाळिशी उलटल्यावर गृहस्थाने स्वतःच कीबोर्डपुढे बसावे, यात गैर ते काय? आमची तक्रार आहे ती शिकविण्याच्या प्रचलित रीतीविषयी. ही रीत जॅझची नव्हे. ती परीक्षेची आहे, आणि परीक्षेवर आमच्या समाजाची जी अढळ भक्ती आहे तिच्यामुळेच ती निर्वेधपणे चालू आहे.

रीत अशी. नवशिक्याने प्रथम बाराही पट्ट्यांतील स्केले पाठ करावयाची. ती झाली की ग्रीक नावांचे सात मोड. त्यानंतर एक कोष्टक हाती येते : अमुक कॉर्ड आली की तमुक स्केल वाजवावे. एवढ्या सामग्रीत वर्ष-दीड वर्ष निघून जाते. या अवधीत विद्यार्थ्याने एखादे गाणे पूर्ण वाजविलेले नसते, आणि थोर वादकाची एक ध्वनिमुद्रिका लक्षपूर्वक दहा वेळा ऐकलेली तर नसतेच नसते.

हे आम्ही ऐकीव माहितीवरून लिहीत नाही. वयाच्या बेचाळीसाव्या वर्षी आम्ही सॅक्सोफोन हाती घेतला आणि एका शिकवणीत दोन वर्षे इमानेइतबारे काढली. पुढे एका स्नेह्याच्या घरी चार वादक जमले असता आम्हांसही आग्रह झाला. चीज अगदी सोपी, बारा खंडांचा साधा ब्लूज. सातव्या खंडाच्या सुमारास आम्ही वाट चुकलो. आपण कोठे आहो, सम कोठे आहे, कशाचा पत्ता नाही. तरी बोटे मात्र पाठ केलेले स्केल बिनदिक्कत वाजवीत होती! ड्रमवाल्याने आमच्याकडे ज्या दयार्द्र दृष्टीने पाहिले ती आम्ही अद्याप विसरलो नाही. प्रस्तुत लेखाचे मूळ त्या दृष्टीत आहे, हे आम्ही लपवू इच्छीत नाही.

आता हा ब्लूज म्हणजे आहे तरी काय? चार-चार मात्रांचे बारा खंड, म्हणजे अठ्ठेचाळीस मात्रांचे एक आवर्तन. त्रितालाची तीन आवर्तने म्हणा ना. कॉर्ड म्हणजे एकदम वाजणारा स्वरांचा जुडगा. तसे येथे तीनच जुडगे. पहिले चार खंड षड्जाची कॉर्ड, पाचवा-सहावा मध्यमाची, सातवा-आठवा परत षड्जाची. नवव्यात पंचमाची, दहाव्यात मध्यमाची आणि अखेरचे दोन खंड पुन्हा घरी. षड्जाच्या कॉर्डमध्ये सा, ग, प आणि कोमल नी हे स्वर आहेत. मध्यमाच्या कॉर्डमध्ये म, ध, सा आणि कोमल ग. म्हणजे पहिल्या खंडात जो शुद्ध गंधार घरधन्यासारखा शोभतो, तोच पाचव्या खंडात परका होतो; त्याने अर्ध्या स्वराने खाली उतरून कोमल झाले पाहिजे. त्याच क्षणी कोमल निषादही अर्धा स्वर उतरून धैवतावर येतो. नवव्या खंडात पंचमाची कॉर्ड आली की शुद्ध निषाद आणि मध्यम हे दोघे बोलू लागतात. नवशिक्याने दर कॉर्डला हे दोनच स्वर, योग्य मात्रेवर, वाजविले तरी मागे कोणी साथीला नसताना श्रोत्याला कॉर्ड बदलल्याचे ऐकू येते. आम्हांस हे कळावयास दोन वर्षे लागली. गळ्याने म्हणून पाहिले असते तर एका संध्याकाळी कळले असते, आणि कोष्टकात ते कोठेही लिहिलेले नव्हते.

येथे आमच्यातील काही रसिक हसून म्हणतील, "जॅझ म्हणजे उत्स्फूर्त वादन, आमचे रागसंगीतही तेच. आम्हांस त्यात अवघड ते काय?" हा गोड भ्रम आहे. रागात तंबोऱ्याचा षड्ज अचल असतो. मैफल संपेपर्यंत स्वराचे षड्जाशी असलेले नाते पालटत नाही. जॅझमध्ये तेच नाते दर दोन-चार खंडांनी पालटते, हे वर दिसलेच. शिवाय भर कोठे द्यावयाचा हाही प्रश्न आहे. आमचा हात सहजच पहिल्या मात्रेवर पडतो. येथे टाळी दुसऱ्या व चौथ्या मात्रेवर पडावी लागते. रागाचा अभ्यास असलेल्यास स्वरज्ञानाचा लाभ निःसंशय होतो. पण त्याच अभ्यासातून त्याने एक गोष्ट उचलावयास हवी होती, ती मात्र तो विसरतो : आपल्याकडे गुरूपुढे बसून त्याच्या तोंडची बंदिश जशीच्या तशी उचलल्यावाचून कोणी विस्ताराला हात घालीत नाही.

जॅझच्या थोर पुरुषांनीही याहून वेगळे केलेले नाही. चार्ली पार्कर १९३६ मध्ये कॅन्सस सिटीत वडीलधाऱ्या वादकांत वाजवावयास उभा राहिला व वाट चुकला. तेव्हा ड्रमवादक जो जोन्स याने झांज त्याच्या पायाशी फेकली, असे सांगतात. (आमच्या वाट्यास नुसती दृष्टी आली, हे आमचे भाग्य.) १९३७ च्या उन्हाळ्यात तो डोंगराळ भागातील एका मुक्कामी गेला तो लेस्टर यंगच्या ध्वनिमुद्रिका बरोबर घेऊन, आणि त्यांतील वादन कानाने उतरवूनच परतला. वेस मॉन्टगोमेरीला लिहिलेले संगीत वाचता येत नसे; चार्ली ख्रिश्चनचे गिटारवादन त्याने तबकड्यांवरूनच आत्मसात केले. लेनी ट्रिस्टानो तर शिष्यांकडून लेस्टर यंगचे वादन प्रथम गळ्याने म्हणवून घेई.

प्रतिपक्ष येथे १९५९ ची 'काइंड ऑफ ब्लू' ही तबकडी पुढे करतो. "पाहा, हे वादन मोडांवरच उभे आहे!" खरे आहे, पण त्याच तबकडीवरील पाचांपैकी दोन चिजा ब्लूज आहेत हे सांगावयास तो विसरतो. आणि माइल्स डेव्हिस मोडांकडे वळला तो आधी पार्करच्या शेजारी उभा राहून वाजविल्यावर. शिखरावरील माणसाने शिडी दूर लोटली म्हणून पायथ्याच्या माणसास शिडी नको, हा कोठला न्याय?

आणि इतक्या दूर तरी कशास जावे? १९३५ मध्ये लिऑन ॲबी आपला कृष्णवर्णीय अमेरिकन वाद्यवृंद घेऊन मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला. त्यानंतर टेडी वेदरफोर्डने तेथेच वाजविले. या मंडळींच्या सहवासात अनेक गोमंतकीय वादक तयार झाले. त्यांचे उदाहरण आमच्याविरुद्ध देण्यात येते : "ते तर लिहिलेले संगीत वाचणारे!" होते ना. गोव्यातील चर्चच्या शाळांतून त्यांना ती विद्या मिळाली, आणि तिच्याच बळावर पुढे ते मुंबईच्या चित्रपटसंगीताचा आधार झाले. चिक चॉकलेटच्या ट्रंपेटशिवाय सी. रामचंद्रांचा 'अलबेला' (१९५१) आम्हांस कल्पिता येत नाही. परंतु त्या शाळांत मुलास वाद्य हाती मिळण्यापूर्वी स्वरलिपी गळ्याने म्हणावी लागे, हे किती जणांस ठाऊक आहे? कागद त्यांना मिळाला तो गळ्यातून. आणि कागदावर न उतरणारी जी झुलती लय, ती मिळाली तबकड्यांतून व जाणत्यांच्या शेजारी रोज रात्री उभे राहून.

तर मग स्केलांचा अभ्यास टाकून द्यावा काय? असे आम्ही कोठेही म्हटलेले नाही. पार्कर दिवसाला अकरा ते पंधरा तास रियाज करीत असे असे त्याने स्वतःच सांगितले आहे. शिस्तीचा कंटाळा असणाऱ्याने या वाटेस जाऊच नये. आमचा आक्षेप क्रमाला आहे. ज्या स्वराची ओढ कानाला लागली नाही तो बोटांना शिकविणे म्हणजे भाषा येण्यापूर्वी विभक्तिप्रत्यय पाठ करविणे होय. आणि संस्कृताच्या बाबतीत तो प्रयोग आम्ही शाळाशाळांतून करून पाहिलेला आहे. तसेच साथ देणाऱ्या तयार ध्वनिफितींचे. अमेरिकेत जेमी एबरसोल्ड यांनी १९६७ पासून त्या पुस्तकांसह प्रसिद्ध केल्या, आणि आता तर ती सोय प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये आहे. एकांतात तिचा उपयोग आहे, हे मान्य. पण ती साथ तुमचे काही ऐकत नाही. तुम्ही चुकलात तरी झांज फेकीत नाही, आणि चांगले वाजविलेत तरी तिचा ठेका खुलत नाही. दोन नवशिके एकत्र बसले तर याहून अधिक शिकतील.

"मग पहिल्या दिवशी शिकवावे तरी काय?" असे एका शिक्षकमित्राने आम्हांस काहीशा रागानेच विचारले. आमचे उत्तर असे : लेस्टर यंगची एक तबकडी लावावी. पायाने चारही मात्रा धराव्यात, टाळी दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर द्यावी. बारा खंड मोजून विद्यार्थ्याने घर कोठे येते ते बोट वर करून दाखवावे. मग वर सांगितलेले दोन-दोन स्वर गळ्याने म्हणावेत, बेसूर झाले तरी. वाद्य दुसऱ्या आठवड्यात पेटीबाहेर काढले तरी चालेल.